कानपिळीचा मान

लग्नाला दोन दिवस उरले असताना ज्ञानू हवालदारांनी कानपिळीचा मान आपल्या पुतण्याला, जयराजला, देऊन टाकला. त्यांची लेक, नवरी पूजा, हिला सख्खा भाऊ नव्हता असे नाही. तो, वीरधवल, त्याच वेळी सोप्यात मांडी घालून तिच्या पोलक्याच्या बाहीवर शेवटच्या टिकल्या टाचत बसला होता.

"समद्या मांडवाची नजर तिथं असती," हवालदार म्हणाले. "नवऱ्याकडली सांगलीची माणसं हायत. नाकातली चमकी काढ, भुवईतली ती कडी काढ, अंगावरचं घोंगडं उतरव. मान तुझाच हाय. न्हाईतर नवरदेवाचा कान जयराज पिळंल."

"चमकी काढायची न्हाई मी, आबा. आन् भाऊ तर मीच हाय."

"मग भाऊ म्हणून पंगतीत वाढ."

वीरधवलने सुईत नवा दोरा ओवला. त्याला राग आला होता, पण पुढची टिकली त्याने नेमकी जागेवर टाचली. पुण्यात शिकून तो साताऱ्याला परतला होता. तिथल्या त्याच्या दुकानातून माणच्या घोंगड्यांची जाकिटं आता बेंगळुरूपर्यंत जात होती. घोंगडी तो स्वतः म्हसवडच्या बाजारातून पारखून आणी. आपल्या अंगावरही त्याने तितक्याच विचाराने काम केले होते. नाकातली चमकी, डाव्या भुवईतली चांदीची बारीक कडी आणि उजव्या कानात पाळीपासून वरच्या कडेपर्यंत चढत गेलेल्या पाच बाळ्या. कोटाच्या खिशाची जागा ठरवावी तशी प्रत्येक छिद्राची जागा त्याने आरशासमोर खूण करून ठरवली होती. त्यातले एकही काढले तरी आपण अर्धवट उसवलेले दिसू, असे त्याला प्रामाणिकपणे वाटे. पण बहिणीच्या लग्नात आपल्या जागी दुसऱ्याने उभे राहावे, हेही त्याला सोसणारे नव्हते.

लग्न कराडच्या एका कार्यालयात होते. डिसेंबरची थंडी होती, त्यामुळे काळे घोंगडी जाकीट घालायला त्याला ऋतूचीही साथ मिळाली. वरपक्षाच्या एका बाईंनी त्याच्या आत्याला, साळूबाईंना, हळूच विचारले, "ह्यो बँडवाल्यातला का?"

"न्हाई. नवरीचा भाऊ."

"आगं बया. आन् नाकात?"

"तुमच्या नाकात हाय तसलंच हाय की. जरा बारीक हाय, एवढंच."

अक्षता पडल्या, लाजाहोम झाला आणि गुरुजींनी वधूच्या भावाला पुढे बोलावले. बहिणीला नीट सांभाळ, अशी तंबी देत भावाने वराचा उजवा कान पिळायचा आणि वरपक्षाने पोशाख देईपर्यंत सोडायचा नाही, ही रीत. जयराज तालमीतला गडी. तो बाह्या सारत पुढे आला तसा मांडवात हशा पिकला.

"दाजी, ही दाबाची भिकबाळी पयली उपटून काढतो," तो म्हणाला, "मग कान बघतो."

नवरा मुलगा उदयसिंह कसनुसा हसला. पांढरी अचकन, डोईला फेटा, उजव्या कानाच्या वरच्या कडेला मोत्यांची भिकबाळी. हल्ली प्रत्येक लग्नात नवरदेव असाच सजतो आणि बाळी नुसती दाबून बसवलेली असते, हे साऱ्यांना ठाऊक होते.

पूजाच्या शालूच्या निऱ्या सावरायला वीरधवल मागेच उभा होता. दोन हातांवरून त्याने तो कान पाहिला. कड लाल होती, सुजून चकाकत होती. हा रंग त्याने स्वतःच्या कानावर अनेकदा भोगला होता. भिकबाळी दाबाची नव्हती. छिद्र फार तर तीन दिवसांचे होते, आणि जयराजच्या एका पिळ्यात तिथली कूर्चा फाटली असती. थंडीतही उदयसिंहाच्या कपाळावर घाम होता. शेजारी त्याचे वडील निर्धास्तपणे हसत होते. त्यांना यातले काही माहीत नव्हते, हे उघड होते.

"जया, सर," वीरधवल म्हणाला.

"आरं पण काकांनी..."

"भाऊ मी हाय. सर."

आवाज चढला नव्हता. दुकानात चुकीचा काप घेणाऱ्या कारागिराला थांबवावे, तेवढाच तो होता. जयराज गोंधळून बाजूला झाला. हवालदार तरातरा पुढे आले. सगळा मांडव पाहत होता. वीरधवल तसाच उभा राहिला, चमकीसकट, कडीसकट. मग त्याने बाळीपासून दूर, पाळीचे खालचे टोक तेवढे चिमटीत धरले आणि जरासे वळवले.

"कवा टोचलं?" त्याने ओठ न हलवता विचारले.

"परवा," उदयसिंह पुटपुटला. "साखरपुड्यात तुमचा कान बघितला, तेव्हापासून मनात होतं. घरी दाबाची म्हणून सांगितलंय."

"कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा. बाळी फिरवू नका. आन् फेटा जरा वर घ्या, घासतोय."

"बरं."

"पीळ की रं," मागून कोणी ओरडले, "कुरवाळतोस काय?"

हवालदार एव्हाना इतके जवळ आले होते की त्यांनाही तो लाल कान दिसला. पलटणीत त्यांनी जखमा पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांची नजर कानावरून लेकाच्या बोटांवर आली आणि तिथे थोडा वेळ थांबली.

"पिळला त्यानं," ते मांडवाकडे वळून म्हणाले. "माझ्या पोरानं पिळलाय. पोशाख आणा, पावणं."

सांगलीकरांनी टॉवेल-टोपी आणि राखी रंगाचे कापड आणले. वीरधवलने टोपी डोक्यावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि सवयीने कापडाचा कोपरा बोटांत चुरगाळून पाहिला.

जेवणे सुरू झाल्यावर हवालदार त्याच्या शेजारी येऊन बसले.

"कापड कसलं हाय?"

"टेरिकॉट. पर वीण घट्ट हाय. जाकीट हुईल. आतनं घोंगड्याचं अस्तर लावीन."

"खिसा आतल्या अंगाला ठेव. भाइरचा फुगतो."

"मला आत खिसा लागत न्हाई, आबा."

"मला लागतो," हवालदार म्हणाले आणि वाढप्याला हात दाखवून त्यांनी लेकाच्या पानात आणखी एक जिलबी वाढायला सांगितली.