दामूच्या पाठीवरचं तेल

गुरुप्रसादच्या मते जगात दोनच प्रकारची दुखणी होती. खोबरेल लावून बरी होणारी, आणि खोबरेल कमी लावल्यामुळे बरी न झालेली. आचऱ्यात त्याचा खोबरेलाचा घाणा होता. लोक त्याला तेलाचा डॉक्टर म्हणत, आणि त्यातली थट्टा त्याला कधी कळली नाही.

त्याची मुलगी आकांक्षा कोल्हापूरला शिकायला गेली, तेव्हा तिचं कासव घरीच राहिलं. दामू त्याचं नाव. डोळ्यांमागे लाल पट्टा, आकार पुरणपोळीएवढा, आणि स्वभाव घरातल्या सगळ्यांपेक्षा शांत. जाताना आकांक्षानं बजावलं होतं की पाणी बदला, टबात कोरडा दगड ठेवा आणि सकाळचं ऊन चुकवू नका. कामाची वाटणी आपोआप झाली. पाणी आणि खाणं सीतेकडे, म्हणजे गुरुप्रसादच्या बायकोकडे. उरलेलं त्याच्याकडे.

एकदा त्यानं पाहिलं तर दामूच्या पाठीचे पापुद्रे सुटत होते. कासव वाढतं तसे जुने पापुद्रे गळतात, हे त्याला कोण सांगणार? त्याला ती पाठ कोरडी पडलेली दिसली, हिवाळ्यात टाचा फुटतात तशी. मग काय, औषध घरचंच. दुपारी सीता जरा आडवी झाली की तो वाटी घेऊन पडवीत बसायचा आणि अंगठ्यानं पाठीत तेल जिरवायचा. तेल लावलेलं अंग उन्हात भाजेल म्हणून टबही सावलीत ओढला. व्हिडिओ कॉलवर आकांक्षा म्हणाली, "बाबा, काय चकाकतोय दामू!" गुरुप्रसाद नुसता हसला. ती चतुर्थीला आली की गुपित सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

पावसाळ्यात दामूला वास यायला लागला. पाठीवर पांढरा डाग पडला, तिथे बोट टेकवलं तर मऊ लागायचं. त्यानं खाणंही सोडलं. तेव्हा दोघं त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. निघण्यापूर्वी गुरुप्रसादनं दामूला बेसन लावून स्वच्छ धुतलं होतं. डॉक्टरकडे न्यायचं ते आंघोळ घालून, ही त्याच्या आईची शिस्त.

बाईंनी भिंग धरून पाठ पाहिली. "पाठीला काही लावता का? पुष्कळ जण तेल लावतात. पाठ चकाकते, पण ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. तसं असेल तर आधी भेगांतलं तेल काढावं लागेल, नाहीतर औषध आत जाणारच नाही."

मागच्या बाकावर शेळी घेऊन नर्मदा बसली होती. गेली कित्येक वर्षं ती नातवंडांसाठी त्याच्याकडूनच तेल न्यायची. गुरुप्रसादनं तिच्याकडे पाहिलं, मग दामूकडे पाहिलं.

"नाय," तो म्हणाला. "कायच लावणव नाय."

"मग पाणीच खराब असणार. पाणी कोण बदलतं?"

"मी," सीता म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

बाईंनी मलम दिलं. उन्हात ठेवा, समुद्रातल्या माकुलाचं पांढरं हाड टबात टाका, त्यातून त्याला चुना मिळेल, असं सांगितलं. आणि हे आत, हाडापर्यंत गेलं तर मात्र तो वाचणार नाही, असंही सांगितलं.

घरी मलम लावलं की ते पाठीवरून ओघळून यायचं. का ओघळतं ते घरात एकट्या गुरुप्रसादला ठाऊक होतं. एका पहाटे त्यानं पुन्हा बेसन घेऊन घासून पाहिलं, तर डागाच्या कडेनं रक्त आलं. त्यानं घाबरून हात धुतले. सांगायला हवं होतं. सकाळी सांगू म्हणाला, मग जेवताना, मग संध्याकाळी. खोटं एका ओळीचं होतं, पण परत घ्यायला जीभ उचलत नव्हती. लाज वाटत होती आणि लाजेचीही लाज वाटत होती.

सीता आता लांबच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. कळशी कमरेवर घेऊन ती अंगणात शिरली की गुरुप्रसाद घाण्यावर निघून जायचा. आकांक्षा फोनवर आईलाच म्हणाली, "आई, तुला एवढं सांगून गेले होते ना?" चुलीपुढे बसून सीता बराच वेळ डोळे पुसत राहिली.

"माझां खंय चुकलां, काय कळना नाय," ती त्याला म्हणाली. "उद्या देवाक गाऱ्हाणां घालूया. तुमी येतलात मां?"

"येतंय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गावच्या देवळात सकाळची माणसं होती. घाण्याची गिऱ्हाइकंही होती, नर्मदाही होती. सीतेनं नारळ ठेवला. गुरव बाबलीनं हात जोडून गाऱ्हाण्याला सुरुवात केली. दर वाक्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा, म्हणजे ते साऱ्या गावाचं म्हणणं होतं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या घरातलां मुकां जनावर आजारी आसा, तेका बरां कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुरुप्रसादचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"पाणी बदलताना तिच्या हातसून काय चुकलां आसात, तां पोटात घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हा—" लोक म्हणू लागले.

"नाय म्हाराजा," गुरुप्रसाद म्हणाला.

बाबलीनं डोळे उघडले. गाऱ्हाण्याला नाही म्हणणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"पाणी चांगलां होतां," गुरुप्रसाद म्हणाला. "तेल मी लावलंय. माझ्या घाण्याचां. आणि डाक्टरणीक खोटां सांगितलंय, तेच्यान औषध लागू पडना नाय. हिचां कायएक चुकलां नाय."

यावर काय म्हणायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. व्हय म्हणावं तर पंचाईत, न म्हणावं तर गाऱ्हाणं अर्धं. नर्मदा खाली बघत राहिली. सीतेनं जोडलेले हात हळूच सोडले.

"देवाक सांगितलात," ती म्हणाली. "गावाक सांगितलात. माका कधी सांगतलात?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. भेगांतलं तेल काढून घ्यायला दामूला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं होतं, आणि ती एकटीच देवळाच्या पायऱ्या उतरली.