कणीक लावलेला स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे, पण तुम्ही मला स्टंप म्हणून ओळखता. विक्रोळीच्या आपल्या चाळीसमोर तुम्ही ज्या काळ्या खोक्याला उभे करून चेंडू मारता, तो मीच. माझा पुढचा कागद फाटलेला आहे आणि जाळी कधीच गळून पडली आहे. मित्रांनो, आज शुक्रवार. परवा, रविवारी सकाळी दहा वाजता, भजनी मंडळाची माणसे आठ नंबरच्या खोलीतून दत्ताराम आजोबांचा पखवाज उचलून नेणार आहेत. त्याआधी मला तुमच्याशी बोलायचे आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांचेच बोललो, आणि आता स्वतःचे सांगायची वेळ आली तर माझा आवाजच गेलेला आहे. म्हणून नीट ऐका.

माझा जन्म वाकोल्याचा. तिथल्या एका लाऊडस्पीकरवाल्याने सुताराकडून प्लायवूडचे खोके करून घेतले आणि त्यात बारा इंची तोंडाच्या मला बसवले. लग्ने, हळदी, बारशी, ऑर्केस्ट्रा, सगळे मी गाजवले. लोक म्हणायचे, काय झकास आवाज आहे! मला गर्व झाला. मला वाटायचे, मोठा आवाज म्हणजेच चांगला आवाज. पुढे माझ्या पाठीची फळी उकलली, नवे उंच स्पीकर आले आणि मी कोपऱ्यात पडलो. माझ्यावर ताडपत्र्या ठेवू लागले. तीन पावसाळे मी तसेच काढले.

त्या लाऊडस्पीकरवाल्याची मुलगी नीला अंधेरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडायच्या कामावर होती. तिच्या शेजारच्या बाकावर बसायची उत्तरा, म्हणजे दत्ताराम आजोबांची मुलगी. एके दिवशी उत्तरा स्पीकर शोधत आली.

"ने हाच," नीला म्हणाली. "एरवी तो भंगारातच जाणारे."

उत्तराने जुन्या अ‍ॅम्प्लिफायरसकट मला टेम्पोत घातले आणि विक्रोळीला आणले. ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. तेव्हा तुमच्यातले बरेच जण बालवाडीत होते.

आठ नंबरच्या खोलीत पाऊल ठेवले आणि मला जाणवले, इथे काहीतरी फार वाईट चालले आहे. दत्ताराम आजोबा भिंतीकडे तोंड करून बसलेले होते. अठ्ठावीस वर्षे ते गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान हळूहळू नेले आणि संपाने नोकरी नेली. राहिला होता एक पखवाज. मालवणहून आलेल्या गाववाल्यांच्या भजनी मंडळात तो वाजवायचा मान त्यांचा होता. पण कान नसलेल्या माणसाने गायकाला कसे धरावे? आधीच्या रविवारी शिवदासबुवांनी भजन मध्येच थांबवले होते. बुवा म्हणजे मंडळाचे मुख्य गायक. त्यांनी सगळ्यांसमोर हातवारे करून, ओरडून सांगितले होते, "दत्ताराम, तुझो ताल सुटता. पोरां हसतत. पखवाज मंडळाचो आसा. फुडल्या आयतवारी येतंव घेवक."

त्या दिवसापासून आजोबा कोणाशी बोलले नव्हते. ताट पुढे आले की बाजूला सारत. उत्तराची आई, म्हणजे तुमच्या प्रेमाआजी, तिचा हात धरून म्हणायच्या, "ता वाद्य भायर गेला तर ह्यो माणूस उठाचो नाय गो." आणि त्या उगाच घाबरवत नव्हत्या. तो आठवडाभर मी त्याच खोलीत होतो, मला दिसत होते.

पण उत्तराने एक गोष्ट हेरली होती. जवळच्या कंपनीत दुपारी मोठा घण चालायचा. त्याचा धक्का जमिनीतून चाळीपर्यंत यायचा. आजोबा उंबऱ्यावर बसले की त्या धक्क्याबरोबर त्यांची बोटे गुडघ्यावर हलत. म्हणजे कान गेले होते, अंग शाबूत होते. ताल जर अंगातून आत गेला, तर?

तिने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक तालपेटी बनवली होती. आत तारा आणि चिमुकले सुटे भाग, बाहेर दोन नॉब. डबा तालाचा ठोका तयार करायचा आणि मी तो बोलायचो. परदेशी गाण्यांत यंत्राचा असा खोल ठोका असतो, त्याला किक म्हणतात, असे तिच्या मासिकात लिहिले होते. तसा ठोका तिला हवा होता. रविवारपर्यंत.

सोमवारी चारला ती कामावरून आली, आजोबांना माझ्याजवळ बसवले आणि आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले. मला आनंद झाला. मोठ्याने ओरडायचे, हे तर माझे जन्माचे काम! मी जीव तोडून ओरडलो. टाक्! टाक्! टाक्! शेजारचा जयवंत धावत आला. "उत्तरा, बंद कर यार ते! कानाची वाट लागली. पत्रे ठोकतेस की काय?"

सगळ्या चाळीला ऐकू गेले. फक्त आजोबांना नाही. ते भिंतीकडे बघत राहिले. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण कोणीतरी माझ्यासाठीच करून ठेवली असावी. त्या दिवशी माझा सगळा गर्व उतरला.

मंगळवारी उत्तराने डब्यातले काही भाग बदलले. ठोक्याचा सूर खाली आणला आणि तो पटकन न संपता थोडा रेंगाळेल असे केले. 'टाक्' चे 'ठुम्' झाले. बुधवारी तिने माझ्या पाठीच्या फटी सुतार वापरतात ती लांबी भरून बुजवल्या, कारण माझा निम्मा दम तिथूनच निसटत होता. आत जुने लुगडे कोंबले आणि मला खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंतींना लावून, थेट जमिनीवर ठेवले. आवाज कितीतरी भरला. आजोबांनी एकदा खाली फरशीकडे पाहिले. उत्तरा पुढे झुकली. त्यांनी मान परत फिरवली.

गुरुवारी ती हट्टाला पेटली. सूर इतका खाली नेला की माझा कागद नुसताच मागेपुढे हलत राहिला. पोटात काही नसताना जांभई यावी, तसे झाले. मग तिने ठोक्याच्या सुरुवातीला एक बारीकशी 'टक्' जोडली, म्हणजे ठोका कुठे पडला ते कळेल. युक्ती चांगली होती. पण खालचा भरीव आवाज माझ्याच्याने निघेना. मी हलका होतो, मित्रांनो. माझ्या कागदात वजनच नव्हते. मला ते कळत होते आणि सांगता येत नव्हते. शुक्रवारीही तेच. आजोबांनी त्या दिवशी पेजही घेतली नाही.

शनिवारी दुपारी उत्तरा माझ्यावर डोके टेकून रडली. डबा चालूच होता. ठुम्, ठुम्. हुंदक्यांनी हलणारी तिची पाठ आजोबांना दिसली असावी. ते उठले. सात दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून उठले. जवळ आले, तिला हलकेच बाजूला केले आणि आपला तळवा माझ्या कागदावर ठेवला. पखवाजाचे तोंड तपासावे तसा.

"पोकळ वाजता," ते म्हणाले. "कणीक व्हयी."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, हे तुम्ही पाहिले असेल. तिच्या वजनाने आवाज खाली उतरतो आणि भरतो. वाजवून झाले की कणीक खरवडून काढायची असते. आजोबांनी पिठाचा डबा काढला, पाण्याचा हात लावून मूठभर कणीक मळली आणि माझ्याकडे वळले.

"बाबा, नको! तो कागद आहे! भिजेल, फाटेल!" उत्तरा किंचाळली. त्यांना कुठून ऐकू येणार? चामड्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला कागदाचे भय नव्हते. त्यांनी अंगठ्याने दाबत दाबत माझ्या मधोमध पुरीएवढी कणीक थापली. गार ओल माझ्या अंगात शिरली. मला वाटले, भरले आपले शंभर.

मग ठोका आला. धुम्म्.

तो आवाज माझा होता यावर माझाच विश्वास बसेना. फरशी हलली. मांडणीवरचे पेले किणकिणले. आजोबा माझ्या खोक्याला पाठ लावून बसले होते. त्यांचे डोळे मोठे झाले आणि कणकेने माखलेली बोटे मांडीवर चालू लागली.

"इलो," ते म्हणाले. "ठोको इलो." आणि लहान मुलासारखे रडू लागले. प्रेमाआजींनी त्या दुपारी त्यांना भात भरवला.

संध्याकाळी त्यांनी माझी कणीक काढली, ओल्या बोटांनी, कण न् कण, आणि मला कोरड्या फडक्याने टिपून घेतले. इतक्या मायेने मला आजवर कोणी पुसले नव्हते. पण कागद फुगला होता. मला ठाऊक होते, पुन्हा कणीक लावली तर मी एका अभंगापुरता आहे. फार तर.

रविवारी सकाळी शिवदासबुवा दोन माणसांना घेऊन आले. उत्तरा दारात आडवी उभी राहिली. "बुवा, एक अभंग म्हणा. बाबा वाजवतील. चुकले तर मी स्वतः पखवाज तुमच्या हातात देईन."

बुवांनी तारांचा डबा पाहिला, कणीक लावलेला मी पाहिला. "मी माणसाच्या तालार गातंय. डब्याच्या नाय."

"डबा तुमच्या मागून येईल, बुवा. लय तुमचीच. माझा हात नॉबवर असेल. तुम्ही वाढवाल तशी मी वाढवीन."

बुवांनी खांद्यावरची पिशवी उघडली. मग टाळ काढले, पण बसले नाहीत. "उभ्यानाच म्हणतंय. एकच."

त्यांनी सुरू केले. आजोबा मला टेकून, मांडीवर पखवाज घेऊन, डोळे मिटून बसले. उत्तराचे कान बुवांकडे आणि बोटे नॉबवर. बुवांचा ताल तिच्या कानांतून बोटांत, तिथून माझ्यात, माझ्यातून आजोबांच्या पाठीत आणि तिथून पखवाजावर. पहिल्या कडव्याला बरोबर. दुसऱ्याला बरोबर. बुवांची मान डोलू लागली. पण भजन शेवटाकडे आले की लय चढते, तशी ती चढू लागली आणि ओल माझ्या अंगभर पसरत गेली. माझ्या कडेला पहिली चीर पडली. अजून एक फेरी, मी स्वतःला म्हणत होतो. देवा, फक्त एक. उत्तराला फरफर ऐकू आली, पण नॉबवरचा तिचा हात सुटला नाही. बुवांनी गजर धरला, टाळ वेगाने वाजू लागले, आणि मी टर्रकन फाटलो. कणीक खाली पडली.

आजोबांचे हात हवेत थांबले. त्यांनी डोळे उघडले. बुडत्याच्या हातून काडी सुटावी तसे ते डोळे होते, ते मी कधी विसरणार नाही. मंडळाची दोन माणसे पुढे सरकली.

आणि शिवदासबुवा, गाणे न थांबवता, माझ्याजवळ गुडघ्यावर बसले. टाळ खाली टाकले, मूठ वळली आणि माझ्या डोक्यावर हाणली. धुम्म्. पुन्हा धुम्म्. माझा आवाज गेला होता, पण खोके होते, फटी बुजवलेल्या होत्या. तो ठोका आजोबांच्या पाठीत गेला. त्यांनी पुढच्याच समेवर थाप टाकली. गजर शेवटपर्यंत गेला.

बुवा उठले तेव्हा त्यांच्या मुठीची सालटे निघाली होती. दाराशी जाऊन म्हणाले, "पखवाज हयच रवांदे."

त्यानंतर चार वर्षे दर भजनाला मला उचलून नेत. आजोबा मला टेकून बसत, बुवा शेजारी. बाजाची पेटी दुसऱ्याकडे देऊन ते एका हाताने माझ्यावर ताल धरत. आवाज गेल्यावर मला इतका मान मिळेल असे मला कधी वाटले नव्हते.

पण या शिमग्याला बुवा कायमचे गावी गेले. उत्तरा लग्न होऊन मुलुंडला आहे. तिच्या कडेवर तान्हे मूल आहे, महिन्यातून एकदा येते. मंडळात नवी माणसे आली, त्यांना माझे काम ठाऊक नाही, म्हणून मी चाळीसमोर येऊन पडलो. ती आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात, "आजोबा! ताल! ताल!" चार वर्षांपूर्वी त्या सोमवारी मी जसा ओरडलो होतो, अगदी तसेच. आजोबा नुसते हसतात. गेल्या आठवड्यात पुन्हा ठरले, रविवारी पखवाज न्यायचा. बुधवारपासून त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केले आहे. आजी आता थकल्या आहेत, त्यांच्या मुठीत जोर उरलेला नाही.

मित्रांनो, या मंगळवारी तुमचा चेंडू माझ्यावर बसला, तेव्हा आजोबा मला टेकून बसले होते. तुम्ही "आउट" म्हणून ओरडत पळालात. तुम्ही त्यांची बोटे पाहिली नाहीत. ती हलली होती.

मला स्टंप केलेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर ओरडू नका, त्याच्याजवळ बसा, एवढेच मी या जन्मात शिकलो. रविवारी सकाळी दहा वाजता खेळ थोडा थांबवा. तुमच्यापैकी कोणीही एक जण मला उचलून आठ नंबरच्या खोलीत न्या आणि आजोबांच्या पाठीशी ठेवा. मंडळी गाऊ लागली की त्यांच्या तालावर मूठ वळा आणि माझ्या डोक्यावर मारा. जोरात मारा. मला लागत नाही.