रुक्माचा पेटता रांजण

रुक्माच्या रांजणातलं पाणी पेटलं तेव्हा तिच्या खानावळीपुढे शे-दीडशे मजूर उभे होते, आणि त्यांच्यात मीही होतो. ज्वालामहाराजांनी विभूतीचा गोळा पाण्यात सोडला, पाणी खदखदलं, शिष्यानं काडी ओढली आणि भपकन पिवळा जाळ उठला. निम्म्या लोकांनी तिथेच लोटांगण घातलं.

"देवता रूठ गए!" महाराज गरजले. "इस बाई ने घर के देव नदी में फेंके! इसका पानी आग, इसका खाना जहर!" शुद्ध अन्न कुठे मिळेल, हेही त्यांनी लगेच सांगितलं. त्यांच्या मंडपाशेजारी त्यांच्याच मेव्हण्याची पुरीभाजीची टपरी होती.

रुक्मा भंडाऱ्याकडच्या खेड्यातली. छप्पन साली तिनं धम्म घेतला, देव्हारा मोडला, देव नदीत सोडले. पुढच्या वर्षी नवरा गेला, तेव्हा भिलाईत कारखाना उभा राहतोय हे ऐकून ती तवा-परात घेऊन एकटीच आली. तिच्या झुणका-भाकरीला रोज चाळीस माणसं असायची. त्या दिवसापासून एकही फिरकेना. गावी परतावं तर तिथे तिचं कोणी उरलं नव्हतं.

मी कारखान्याच्या कामावर टाइमकीपर, मजुरांची हजेरी मांडणारा. चौथ्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली.

"भाऊ, हे हुंगा जराक. तळाले चुना बसला हाय, अन् लसनाचा वास येऊन राहिला. पान्यात कोनी लसून टाकते काय?"

"कार्बाइड आहे ते," मी म्हणालो. "वेल्डर लोक त्याचा गॅस करतात."

"म्हंजे तुमाले पहिल्याच दिवशी वास आला असन. मंग बोलले कावून नाही?"

मी घड्याळ पाहिलं आणि निघालो.

गुरुवारी मंडप खचाखच भरला होता. रुक्मा पुढे झाली. वेल्डर जानराव तिच्यासोबत होता.

"महाराज, वाटीभर तीर्थ द्या."

बाई शरण आली असं समजून महाराजांनी खुशीनं कमंडलू कलता केला. रुक्मानं वाटी खाली ठेवली, त्यात करडा खडा टाकला, जानरावनं काडी लावली. महाराजांचं तीर्थ भपकन पेटलं.

"आता सांगा महाराज, तुमी कोनते देव फेकले?"

मंडप खो-खो हसला. जानरावनं डबा उघडून खडे दाखवले. "पानी नाही जळत बाप्पा. खडा भिजला की गॅस निघते, गॅस जळते, खाली चुना राहते. त्या गोळ्यात हेच होतं." संध्याकाळच्या पॅसेंजरनं महाराज आणि मेव्हणा पसार झाले.

दुसऱ्या दिवशी रुक्मानं चाळीस माणसांचं पीठ मळलं. जानराव तेवढा आला. बाकीचे 'जहर' या शब्दाची धास्ती मनात ठेवून रस्त्यापलीकडे चहा पीत तिच्या हिमतीची तारीफ करत होते, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता. ती भाकरींवर फडकं टाकून आमच्याकडे बघत बसली. ते बघणं मला सोसवेना. मी रस्ता ओलांडला आणि पाटावर बसलो. तिनं ताट वाढलं, तांब्या भरून ठेवला.

पहिल्याच दिवशी वास येऊनही मी गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते. म्हणून सांगतो, कोणी पाणी पेटवलं तर जवळ जाऊन हुंगा, तळाला काय उरलं ते बघा, आणि कळलं की तिथल्या तिथे मोठ्यानं सांगा. मग त्या बाईकडे जाऊन जेवा. ती भाकरी करून बसलेली असते.