बिनसुरुंगाचा पट

"काढा सुया," चेकरसाहेब म्हणाले. "अडीच तास झाले."

"चार तासांचं तिकीट आहे काका. मधल्या स्टॉपला उतरता येत नाही," सिस्टर म्हणाली.

"मला नका तिकीट शिकवू. तो कागद आणा, सही करतो."

सिस्टरनं कागद आणला. 'मी स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या जबाबदारीवर उठत आहे' असं छापलेला. तीन आठवड्यांत त्यांची ही सातवी सही. सही मात्र काय झोकदार, जणू लग्नाच्या नोंदवहीत करतायत. तिनं सुया काढल्या, कापूस दाबून धरला, पट्टी बांधली. साहेबांनी सुजलेले पाय कसेबसे चपलेत कोंबले आणि ते निघाले.

किडनीचा विभाग लहानसाच होता. पाच पलंग, पाच यंत्रं. यंत्र रक्त बाहेर काढून धुतं आणि परत अंगात घालतं. आठवड्यातून तीन वार, दर खेपेला चार तास. डाव्या हातात दोन सुया, आणि तो हात हलवायचा नाही. उरला उजवा. त्या एका हाताचं काय करायचं, हा प्रश्न डॉक्टरांच्या पुस्तकात कुठंच नाही.

दाराबाहेरच्या बाकावर काकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवरा तोंड धुवायला गेलेला बघून त्यांनी सिस्टरचा पदर धरावा तसा ॲप्रन धरला.

"उठले ना? मला ठाऊकच होतं. हा माणूस कुणाचं ऐकेल? एकदा मी पास घरी विसरले, तर भर बसमध्ये मला दंड लावला ह्यांनी. वर म्हणाले, पावती नीट ठेवा बाई. बाई म्हणाले मला."

"मग तुम्ही?"

"तीन दिवस बिनमिठाचं जेवायला घातलं. तर म्हणतात, हल्ली तू माझ्या तब्येतीची फार काळजी घेतेस." काकू हसल्या, मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागल्या. "आडवं पडवत नाही हो त्यांना. तीन उश्या लावून बसून झोपतात. छातीत पाणी वाजतं, मला ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, असंच मधे उठत राहिले तर आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. दीड तासासाठी हो. म्हणतात, नुसतं पडून राहणं म्हणजे मरायची तालीम."

सिस्टरला विभागात सगळे पाठीमागे थापासिस्टर म्हणत. बावीस वर्षांत तिनं मारलेल्या थापा एकावर एक रचल्या असत्या, तर दवाखान्याला न मागता आणखी एक मजला चढला असता. पण तिची खरी विद्या वेगळीच. तिला जुने खेळ कळत. कॉम्प्युटरवरचे, ठोकळ्याठोकळ्यांचे, टुंग टुंग वाजणारे. ती नवीन लागली तेव्हा दवाखान्यात पहिला कॉम्प्युटर आला होता. नव्या नवरीसारखा कापडाखाली झाकून ठेवलेला. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डचा कारकून कापड उचलून हळूच विटा रचायचा. तिनं त्याला सलग सव्वीस दिवस हरवलं. सत्ताविसाव्या दिवशी त्यानं लग्नाचं विचारलं. म्हणाला, रोज रोज हरण्यापेक्षा एकदाच काय ते हरतो.

तेच सगळे खेळ तिच्या मुलीनं तिला तळहाताएवढ्या यंत्रात घालून दिले होते. बसमध्ये वेळ जावा म्हणून. सिस्टरनं ते विभागात आणलं आणि औषध द्यावं तसे खेळ देऊ लागली. गाड्यांची शर्यत बंद, रक्तदाब चढतो. उड्या मारणारा माणूस बंद, त्याला दोन हात लागतात. खेळ कसा हवा, तर माणसासाठी थांबणारा. पायात गोळा आला, यंत्र ओरडलं, डोळा लागला, तरी मुकाट वाट बघत बसणारा. दुसऱ्या पलंगावरच्या टेलरबाईंना साप दिला होता. एका पेशंटचा साप इतका वाढला की शेपूट पुढच्या पेशंटच्या डावात निघाली, असं सिस्टरनं त्यांना शपथेवर सांगितलं होतं. चौथ्या पलंगावरच्या गणिताच्या मास्तरांना पत्ते. प्रत्येकाला पाऊण-पाऊण तास, नंबराप्रमाणे.

पुढच्या खेपेला तिनं चेकरसाहेबांना साप दिला.

"स्वतःच्याच शेपटीवर आपटून मरतो. ह्याला नोकरीवर घेतलं कुणी?"

विटा दिल्या.

"पस्तीस वर्षं गर्दी दाबून भरली, आता विटा भरू?"

पत्ते दिले, तर म्हणाले, यंत्र पानं लपवतंय.

मग तिनं सुरुंगांचा खेळ काढला. चौकोनांचा पट. खाली कुठंतरी सुरुंग दडलेले. चौकोन उघडला की आकडा येतो, शेजारी किती सुरुंग आहेत त्याचा. त्यावरून ताडायचं आणि दडलेल्यावर झेंडा रोवायचा. साहेबांनी यंत्र पोटावरच्या उशीवर ठेवलं, दुसऱ्याच चौकोनाला स्फोट झाला, आणि माणूस मानेपासून जागा झाला. त्यांची नजर म्हणजे अशी, की त्यांच्या काळात बिनतिकीट माशीसुद्धा खिडकीतून उतरून चालत जायची.

"हा लपलाय," ते पुटपुटले.

"कोण?"

"हा कोपऱ्यातला. तीन शेजारी आहेत आणि तिघंही दुसरीकडे बघतायत."

झेंडा रोवला. बरोबर निघाला. सिस्टरला वाटलं, लागलं औषध. पण अडीच तास भरले आणि साहेबांनी यंत्र बाजूला ठेवलं. "काढा सुया."

"काढते. फक्त... जाऊ द्या."

"काय फक्त?"

"नाही, तुम्ही निघालातच." तिनं कापूस शोधायचं नाटक केलं. "ह्या खेळात चार तास सलग बसलं ना, की एक पट येतो. बिनसुरुंगाचा. कुठंही बोट ठेवा, अख्खा उघडतो."

"तुम्ही बघितलाय?"

"मी कुठली. आमच्या ह्यांनी बघितला. त्या दिवशी खुर्चीसकट उचलून घरी आणावं लागलं. आठवडाभर नुसते हसत होते."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेखाली भल्याभल्यांनी बुटात लपवलेल्या नोटा काढून दिल्या होत्या. सिस्टर नळी सरळ करू लागली, ती आधीच सरळ होती.

"माझ्या भाच्यानंही बघितलाय," दुसऱ्या पलंगावरून टेलरबाई एकदम म्हणाल्या.

"फिकट निळा असतो ना तो?" मास्तरांनी चष्म्यावरून विचारलं. उरलेल्या दोघांनी इतक्या जोरात माना हलवल्या की एकाचं यंत्र ओरडलं.

साहेबांनी एकेकाचा चेहरा नीट बघितला. मग उशीवर मान टेकली. "दीड तास ना अजून? द्या ते इकडं."

चार तास झाले. पट काही आला नाही.

"अडीच तासांनी सुया काढा म्हणत तुम्ही यंत्र बाजूला ठेवलंत," सिस्टर म्हणाली. "सलग म्हणजे सलग, काका."

पुढल्या खेपेला चार्जिंग उतरलं होतं. त्याच्या पुढल्या खेपेला मधेच शिंक आली होती. साहेबांना चार तास मिळावेत म्हणून सगळ्यांनी आपापला वाटा सोडून दिला. टेलरबाईंचा साप उपासमारीनं दोरा झाला. मास्तर छताकडे बघत पाढे म्हणायचे, तेही एकोणतीसचा. पण कागदावर नवी सही पडली नाही. साहेबांच्या चपलेत पाय सरळ जाऊ लागले. आणि एका सकाळी काकू बाकावरून उठून आल्या.

"सिस्टर, काल आडवे झोपले. एका उशीवर. आणि असे घोरले म्हणता. चाळीस वर्षांत मला त्या घोरण्याचा इतका आनंद झाला नव्हता."

सिस्टरचा थापांचा डबा मात्र तळाला गेला होता. घरी तिनं नवऱ्याला विचारलं, "अजून एखादं कारण सुचव ना."

"खरं सांगून टाक."

"खरं सांगितलं तर परत अडीच तासांवर येतील. पुढं काय होईल ते ठाऊक आहे ना?"

नवऱ्यानं बराच विचार केला. "बटण अडकलं म्हणून सांग," तो म्हणाला.

तेवढ्यात पाचवा पलंग रिकामा झाला. त्यावरचे आजोबा एका खेपेला आले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. तिथं एक पार्लरवाली आली. तिशी-पस्तिशीची, चुणचुणीत, पहिल्याच दिवशी तिनं सिस्टरच्या भुवयांना नावं ठेवली. पण तिसऱ्या खेपेला, दोन तासही झाले नव्हते, तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"काढा सगळं. मला नाही जमत."

"अगं, अजून निम्मं बाकी आहे."

"सोळाव्या वर्षापासून उभी आहे मी. उभ्यानं जेवते, उभ्यानं चहा पिते. पडून राहायचं मला येतच नाही. पुढच्या खेपेपासून येणार पण नाही. कुठाय तो कागद?"

सिस्टरनं तोंड उघडलं, पण थाप येईना. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती कागद आणायला वळली.

"मला तो पट मिळाला," चेकरसाहेब म्हणाले.

मास्तरांचा पाढा अर्ध्यावर तुटला.

"परवाच. सांगायचं राहिलं."

"कसला पट?" पार्लरवालीनं भिंतीकडं बघतच विचारलं. साहेबांनी तिला सगळं सांगितलं. चौकोन, आकडे, झेंडे, आणि चार तासांचा नियम.

"कसा होता हो?" टेलरबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"फिकट निळा. मास्तर म्हणाले होते तसाच. एकदा दाबलं आणि सगळा उघडला. एकही आकडा नाही. कुठंच कुणी लपलेलं नाही."

"मग?" पार्लरवालीनं मान वळवली होती.

"मग काही नाही. शेवटच्या फेरीला बस रिकामी होते ना, सगळे उतरतात, तिकीट तपासायला कुणी उरत नाही. तेव्हा खिडकीशी बसायला बरं वाटतं. तसं वाटलं."

"खरं सांगताय?"

"पस्तीस वर्षं तिकिटं तपासली बाई. खोटं बोलायला सवड कुठली मिळणार?"

परवा चार तास भरले तेव्हा सिस्टर स्वतः तिथं उभी होती. पडद्यावर नेहमीचाच पट होता, अकरा झेंडे आणि एक स्फोट. ती रक्तदाबाचा पट्टा घेऊन साहेबांजवळ गेली, खाली वाकली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाललाल झाल्या होत्या.

"कधी कळलं?" तिनं हळूच विचारलं.

"पहिल्याच दिवशी. एका बसमध्ये पाच जण बिनतिकीट, आणि मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

पट्ट्यातली हवा सुटली, साहेबांनी हात मोकळा केला. "सगळ्यांना उतरवलं असतं, तर बस रिकामी झाली असती," ते म्हणाले. मग पोटावरच्या उशीवरून यंत्र उचलून त्यांनी तिच्या हातात दिलं. "तिला द्या. पहिल्यांदा कोपऱ्यातून सुरुवात कर म्हणावं. आणि मधे थांबायचं नाही."

"तुम्हाला काय देऊ? पेपर?"

"नको."

"अजून दोन तास आहेत काका."

"मोजता येतं मला."

पाचव्या पलंगावर स्फोट झाला. पार्लरवालीनं यंत्राला एक अस्सल शिवी दिली आणि पुन्हा डाव मांडला. मास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं. सिस्टर स्टूल ओढून तिच्याजवळ बसली, पण तिचं निम्मं लक्ष तिसऱ्या पलंगाकडं होतं. साहेब नुसते पडले होते. छताकडं बघत. उजवा हात चादरीवर उताणा, त्यात काही नाही.

काकूंनी दार किलकिलं करून आत डोकावलं. नवऱ्याचा मोकळा हात बघून त्यांचा चेहरा उतरला. निघायचं का, असं त्यांनी खुणेनंच विचारलं.

चेकरसाहेबांनी हात वर केला, अंगठा दुमडून चार बोटं दाखवली, आणि पुन्हा चादरीवर ठेवला.