बासष्ट किलोंची स्प्रिंग

मी एक स्प्रिंग बोलतेय. घड्याळातली नव्हे, पलंगातलीही नव्हे. डोंगरात चालणाऱ्या उंच मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपवर वेटोळं घालून बसते ना, ती मी. माझी कहाणी माझ्या जन्मापासून सुरू व्हायला हवी, पण तसं नाही. ती सुरू होते एका नवसापासून, आणि तो नवस जसोदाबाईंनी माझ्या जन्माच्या कितीतरी वर्षं आधी बोलला होता.

जसोदाबाई शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या. केळी आणि कापूस पिकवणारं भरलं घर. त्यांचा धीरज सतरा वर्षांचा असताना टायफॉइडने वाळून काडी झाला. तेव्हा तापीकाठच्या महादेवापुढे त्यांनी पदर पसरला, "देवा, माझं पोर उठू दे, त्याच्या भारंभार गूळ वाहीन." पोर उठलं. अंगावर मांस आलं. मग एका महाशिवरात्रीला त्याला तराजूत बसवून समोरच्या पारड्यात गुळाच्या भेल्या रचल्या. बासष्ट किलो गूळ लागला. सगळ्या गावाने खाल्ला.

त्या दिवसापासून जसोदाबाईंनी एक नेम धरला. देवाच्या तराजूत बसलेल्या माणसाला पुन्हा माणसाच्या काट्यावर चढवायचं नाही. भरल्या अंगाला दृष्ट लागते. दवाखान्यात कुणी काटा पुढे सरकवला की त्या मध्येच म्हणायच्या, "बासष्ट लिखी टाका डॉक्टरसाहेब." धीरजचं लग्न झालं, त्याला गोल पोट आलं, शर्टाची मापं दोनदा बदलली. वजन मात्र बासष्टच राहिलं.

हे सगळं मला त्यांच्याच तोंडून कळलं. गाडी तुळशीजवळ उभी असायची, आणि सकाळी पाणी घालताना त्या देवाशी मोठ्याने बोलायच्या.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. बोटाएवढी जाड तार लाल होईपर्यंत तापवली, दांड्याभोवती गुंडाळली, तेलात बुडवली. मग मला दाबून पाहिलं, मी किती भार पेलते त्याचा आकडा माझ्या अंगावर छापला आणि पिवळा रंग दिला. आम्ही बहिणी दिसायला सारख्याच असतो. फरक असतो तो त्या आकड्यात. कुणी हलक्या माणसाची, कुणी भारी माणसाची. ज्याला जी योग्य, तीच त्याच्या नशिबी यावी एवढीच आमची प्रार्थना असते.

आता मी या घरात कशी आले ते सांगते. धीरजची बायको कामिनी नर्स आहे. तिचं उपकेंद्र मोलगीच्याही वर, दोन ओढे ओलांडून. मोलगीपर्यंत जीप जाते, पुढे जीपवाले नाही म्हणतात. म्हणून सोमवारी पहाटे धीरज तिला स्वतःच्या गाडीवर सोडायचा आणि शनिवारी घेऊन यायचा. मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, त्यांत तिचं आठवड्याचं सामान आणि औषधं. वर लशींचा थंड डबा. गाडी चांगली होती, पण तिची मूळची स्प्रिंग अगदीच मऊ. प्रत्येक खड्ड्याला 'धाड' आवाज व्हायचा आणि तो दणका थेट कामिनीच्या कंबरेत जायचा.

धीरजने विसरवाडीच्या करमसिंगला फोन लावला. हायवेला त्याचं गॅरेज. सुरतेकडून येणारे मोठ्या गाड्यांचे हौशी लोक त्याच्याकडे थांबतात, त्यामुळे या कामात त्याचा हात बसलेला.

"स्प्रिंग बदलावी लागेल धीरजभाई. तुझं वजन सांग."

धीरजने फोन कानाला लावूनच हाक मारली, "आई, मन्हं वजन कितलं शे?"

"बासष्ट! कितल्यांदा सांगू तुले?"

"बासष्ट," धीरज फोनवर म्हणाला. "आणि मागे कामिनी, ती काय, हलकीच आहे. थोडं सामान."

करमसिंगला शंका यायला हवी होती. पण फोनवर पोट दिसत नाही. त्याने हिशोब केला, मला मागवलं आणि पार्सलने धाडलं; गावातल्या मिस्त्रीने गाडीवर चढवलं. अशी मी बासष्ट किलोंच्या माणसासाठी या घरी आले.

पहिल्याच सोमवारी मला कळलं, काहीतरी चुकलंय. दोघं बसली, पेट्या लागल्या आणि मी निम्म्याहून जास्त दबून गेले. खड्डा अजून यायचाच होता! मागच्या चाकाला वरखाली व्हायला जेवढी जागा असते, तिचा साधारण तिसरा हिस्सा माणसं बसल्यावर दबावा, बाकीची जागा वाटेतल्या खड्ड्यांसाठी राखावी, हा आमचा धर्म. माझ्याजवळ राखायला काही उरलंच नव्हतं. घाटाच्या तिसऱ्या वळणावर पहिला दणका बसला. कामिनी ओरडली नाही. तिने फक्त धीरजच्या खांद्यात बोटं रुतवली.

"नवी स्प्रिंगबी भंगार निघाली," धीरज म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याने किल्ली घेऊन माझ्या डोक्यावरची रिंग आवळली. पुष्कळ जण हीच चूक करतात. रिंग आवळली की गाडीचं बूड वर येतं आणि माणसाला वाटतं, स्प्रिंग कडक झाली. पण माझी तार तीच, माझी ताकद तीच. आवळून कुणाला बळ येतं का? आता धीरज एकटा परतताना चाक उड्या मारायचं आणि दोघं असली की दणके पूर्वीसारखेच.

पावणेदोन महिने हे चाललं. उपकेंद्रापाशी उतरल्यावर कामिनी आधी एका सागाच्या झाडाला धरून उभी राहायची. मग एक पाय, मग दुसरा. शेवटी शहाद्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, "मणक्याची चकती सरकतेय. पंधरा दिवस आराम. आणि असे दणके पुन्हा बसणार असतील तर गाडी बंद करा."

गाडी बंद म्हणजे उपकेंद्र बंद. कामिनीने बदलीचा अर्ज लिहिला. ओट्यावर बसून लिहीत होती, जसोदाबाई शेजारी कापूस निवडत होत्या.

"आई, तिथे सात बायका पोटुशी आहेत," ती म्हणाली. "दोघींचं रक्त कमी आहे. त्या खाली यायला तयार होत नाहीत, माझ्याच हाताने गोळ्या खातात."

जसोदाबाई कापूस निवडत राहिल्या. रात्रंदिवस नवससायास करणारी बाई, पण सुनेच्या कंबरेसाठी त्यांनी सोळा सोमवार धरले होते तेही फळेनात, म्हणून आतून खचल्या होत्या.

त्या रविवारी स्प्रिंगची तक्रार ऐकून करमसिंग स्वतः आला. ओसरीत कापसाचा इलेक्ट्रिक काटा मांडलेला होता, वेचणीचे दिवस होते. त्याने धीरजकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हे बासष्ट? भाई, बासष्ट तर तुझं पोटच असेल!"

धीरजचे वडील रतिलाल जोरात हसले.

"मावशी, याला काट्यावर चढू द्या," करमसिंग हात जोडून म्हणाला. "डॉक्टर गोळी देताना वजन विचारतो ना? तसंच हे. खोटं सांगितलं तर गोळी लागू कशी पडणार?"

 धीरजने आईकडे पाहिलं. एवढा बाप्या माणूस, पण आईचा नेम मोडायची त्याची छाती नव्हती. कामिनी दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी होती. तिला धड बसता येत नव्हतं, निजताही येत नव्हतं. जसोदाबाईंची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच राहिली.

त्यांनी पदर खोचला.

"पहिले मी चढस," त्या म्हणाल्या. "दृष्ट लागनी ते माले लागू दे."

आणि चपला काढून, काट्याला हात लावून नमस्कार करून, त्या चढल्या. आकडा चमकला. एक्क्याऐंशी!

"लगीनले चाळीस वरीस व्हयनात," रतिलाल म्हणाले, "हिनी मालेबी कधी सांगं नही!"

"आते समजनं ना? उतारा मन्हा फोटो, लावा भिंतले!" जसोदाबाई फणकारल्या. कामिनी हसली. हसताना तिची कंबर दुखली, तरी हसली. कित्येक दिवसांनी.

मग धीरज चढला, गाडीवर असतो तसाच, बूट, जाकीट, हेल्मेटसकट. पंच्याण्णव. कामिनी चढली. पंचावन्न. पेट्या भरून ठेवल्या, थंड डबा ठेवला. अठ्ठावीस. करमसिंगने सगळं कागदावर लिहिलं आणि जसोदाबाईंना वाचून दाखवलं. त्या कागदाला त्यांनी हळदीकुंकू लावलं. दृष्ट मात्र सगळ्यांची काढली, करमसिंगचीसुद्धा.

बाराव्या दिवशी माझी थोरली बहीण आली. तार जाड, आकडा मोठा. करमसिंगने मला अंगणात उतरवलं. "हिचा काही दोष नाही," तो मला पुसत म्हणाला. "हिला दुसऱ्याच माणसाचं सांगून आणलं होतं." बाई गं! एवढं एक वाक्य ऐकलं आणि माझ्या वेटोळ्या-वेटोळ्यातला ताण सुटला.

नव्या स्प्रिंगवर दोघांना सामानासकट बसवून त्याने टेप लावली. टेपचं खालचं टोक जसोदाबाईंनी चाकाच्या मध्यावर धरलं होतं. "किती दबली?" त्यांनी दोनदा विचारलं. बरोबर तिसरा हिस्सा. रिंग फारशी आवळावीच लागली नाही. कामिनीचा बदलीचा अर्ज न देता तसाच राहिला.

आणि मी? करमसिंगची स्वतःची गाडी त्याच जातीची, जुनी. तो काटकुळा, एकटाच फिरणारा. त्याने मला तिच्यावर चढवलं. तो बसला आणि मी अलगद, हवी तेवढीच दबले. इतके दिवस मला स्वतःचीच शंका येत होती, ती त्या क्षणी गेली.

पुढच्या सोमवारी करमसिंगलाही मोलगीकडे जायचं होतं, त्याचं घर उपकेंद्राच्याही पुढे. त्यामुळे मी मागून सगळं पाहिलं. घाटाचं तिसरं वळण आलं. मी जीव मुठीत धरला. बहिणीने खड्डा पोटात घेतला आणि सोडून दिला, आवाज नाही. पहिला ओढा झाला, दुसरा झाला. कामिनीचा हात धीरजच्या खांद्यावर नुसता टेकलेला होता.

उपकेंद्रासमोर गावच्या आशा कार्यकर्त्या नानीबाई उभ्या होत्या. पंधरा दिवसांचे तीन आठवडे झाले होते, आणि बाई परत येते की नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कामिनी उतरली. सागाच्या झाडाकडे न जाता वाकली आणि थंड डबा स्वतःच उचलला.

"बाई, झाड नाही धरलं आज?" नानीबाईंनी विचारलं.

"नाही. किती जणी आल्यात?"

"सातही आल्यात. दर सोमवारी येऊन वाट बघतात."

"चला मग," कामिनी म्हणाली आणि आत गेली. धीरज गाडीजवळ उभा राहून नेटवर्क शोधत होता. एका दगडावर चढल्यावर रेंज मिळाली. "आई, पोहोचलो. दुखं नही तिले," एवढंच म्हणाला.  पलीकडून जसोदाबाईंचा नाक ओढल्याचा आवाज आला.

आता मी करमसिंगच्या गाडीवर सुखात आहे. रंग उडालाय, चिखल लागतो, पण माझ्या ताकदीचं काम मला मिळालंय. माणसाला काय आणि स्प्रिंगला काय, आणखी काय हवं असतं?

तुम्ही कधी गाडीला स्प्रिंग घ्यायला गेलात, तर हात जोडून सांगते, जसोदाबाईंनी केलं तसं करा. दुकानात जायच्या आधी काटा अंगणात आणा. ज्या कपड्यांत गाडीवर बसता त्याच कपड्यांत चढा, मागे बसणाऱ्यालाही चढवा, सामानही ठेवा, आणि जो आकडा येईल तोच सांगा. देव खऱ्यावर रागवत नाही. घरातल्या मोठ्या बाईने मात्र सगळ्यांच्या आधी चढावं. मग बाकीच्यांची भीड आपोआप जाते.