डांबराचे वायसर

आमच्या प्रविणची रीत अशी, की बायको काही सांगायला लागली की त्याचे कान बंद होतात. थोरला लेक माझा, पण हा गुण त्यानं माझ्याकडून घेतला नाही. बापाकडून तर नाहीच.

खंडेनवमीला त्यानं कडबा कुट्टीचं मशीन खोललं. पूजेआधी अवजार धुवायचं, ही आमच्या चकलांब्यातली रीत. धुतलं, तेल दिलं, हळदकुंकू वाहिलं. परत जोडताना पात्यावरच्या झाकणाचे वायसर, स्क्रूखालच्या चकत्या, सापडेनात. गेले असतील धुण्याच्या पाण्याबरोबर. तर यानं काय करावं? गोठ्यावर पत्रे टाकले तेव्हाचे डांबराचे वायसर उरले होते, तेच स्क्रूखाली घातले. पत्रा गळू नये म्हणून असतात ते, मऊ. आवळले की दबून बसतात, माणसाला वाटतं लई घट्ट झालं. मशीन हादरलं, तापलं, की डांबर पसरतं आणि स्क्रू ढिला पडतो.

माझी सून दीपमाला त्याला दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अवो, झाकण वाजतंय."

"आताच बसवलंय, वाजणारच. मशीनचं तुला काय कळतं?"

"वैरण मी घालते. मला ऐकू येतंय."

खरं बोलली. पण ऐकणारा उठून गेलता.

पुढं एका सकाळी झाकण सरकून फिरत्या पात्यात गेलं. तुकडा उडाला तो तिच्या उजव्या दंडात घुसला. मी पळत जाऊन बटन बंद केलं. पदर दंडावर दाबून ती भिंतीला टेकली होती. पहिलं काय बोलली, तर "आत्याबाई, म्हशी उपाशी हायत."

उमापूरच्या डॉक्टरनं टाके घातले. म्हणाला, जरा वर लागलं असतं तर गळा होता. प्रविण खाली बघत उभा. मी त्याला रडू दिलं नाही, बोलूही दिलं नाही. तिला बाकड्यावर बसवलं आणि त्याला शेजारच्या परमेश्वरच्या हार्डवेअरच्या दुकानात नेलं. झाकणाचा स्क्रू मी घरून निघतानाच पदराला बांधून घेतला होता.

परमेश्वरनं मूठभर वायसर काचेवर ओतले. प्रविणनं वरचाच उचलला.

"घालून बघ," मी म्हणाले.

स्क्रूवर तो सैल फिरत होता. दुसऱ्याच्या भोकातून स्क्रूचं डोकंच आत बुडालं. तिसरा बरोबर बसला. हलला नाही, डोक्याबाहेर चांगला निघाला.

"हा सपाट खाली," परमेश्वर म्हणाला, "त्यावर हा चिरलेला, स्प्रिंगचा, मग डोकं. हादरणाऱ्या मशीनला स्प्रिंगचा लागतोच. पण मावशी, पोरगी बघताना सुदिक कुणी इतकं पारखत न्हाई."

"पोरगी मी पारखूनच आणली," मी म्हणाले. "पोरगा बघायचा राहिला."

प्रविणनं प्रत्येक वायसर स्क्रूवर घालून बघितला. एकही माझ्या हातात दिला नाही, मीही मागितला नाही.

घरी येऊन त्यानं तिथूनच आणलेलं नवं झाकण बसवलं. दीपमाला सवयीनं उठली, धडक्या डाव्या हातानं वैरण उचलायला गेली. मी तिला खाटेवर बसवलं. शेजारची सुंदरबाई दारात उभी होती. असू दे म्हटलं, ऐकू दे तिलाही.

"प्रविण, झाकण तू बसवलंस, पहिली पेंढी तू घाल. दुसरीबी तूच. आन ही वाजतंय म्हनली, की बटन बंद करून खोलायचं. कावून म्हनून इचारायचं न्हाई. नुसतं हिचा दंड भरंस्तोवर न्हाई, मी जित्ती हाय तोवरबी न्हाई. तू जित्ता हायस तोवर."