बारावं घर

दीपाली गायकवाडच्या घरी त्या मंगळवारी सकाळी साडेआठलाच पोह्यांना फोडणी पडली होती. तिच्या वडिलांनी, रामदासने, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. आई शैलाने तर वारज्यातला तो नवा फ्लॅट दोनदा पुसून काढला. मुलगा संजय आयटी कंपनीत नोकरीला लागून बंगळूरला गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती. त्याच खोलीत आता जपानची एक मुलगी येऊन तीन महिने राहणार होती. जपानी माणसं जमिनीवर झोपतात असं कुणीतरी सांगितल्यावरून शैलाने पिंजाऱ्याकडून नवी कापसाची गादी भरून घेतली होती.

दीपाली विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्रात कंत्राटी नोकरीत होती. केंद्राचे जाहीर कार्यक्रम ती सांभाळायची. पाहुण्यांना पत्रं, व्यासपीठावरची समई, फलकावरची अक्षरं आणि शेवटी सूत्रसंचालन, सगळं तिच्याकडेच. २००४ साल होतं. परदेशी विद्यापीठांशी करार करण्याची पुण्यात चढाओढ लागली होती, आणि ओसाकाजवळच्या एका विद्यापीठाशी केंद्राचा सांस्कृतिक करार ठरला होता. बारा मुली येणार होत्या. त्यांना वसतिगृहात न ठेवता बारा पुणेरी घरांत ठेवायचं, ही कल्पना केंद्राच्या समन्वयक सरोजिनी मॅडमची. दीपालीने आपल्याही घराचा अर्ज भरला आणि तो मंजूर झाला.

मंजूर का झाला, हे दीपालीला मनातून ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं होतं, "गायकवाड म्हणजे बडोद्याचे का गं?" दीपाली नुसतीच हसली होती. ना हो म्हणाली, ना नाही. त्या हसण्याची तिला पुढे कायम लाज वाटत राहिली. पण तिला दोष देण्याआधी, तिला हसावं का लागलं हे आपण स्वतःला विचारलेलं बरं.

त्या मंगळवारी मॅडम घर पाहायला आल्या. सोबत कार्यालयातली हेमा होती. हातातल्या फॉर्मवर खुणा करत मॅडम हॉलमध्ये फिरल्या.

"वा! बुद्धाची मूर्ती! अलीकडे फेंगशुईमुळे सगळ्यांकडेच दिसते, नाही?"

मग त्यांची नजर मूर्तीच्या वरच्या भिंतीकडे गेली. तिथे बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिला ताजा हार होता.

"देवघर कुठंय तुमचं?"

"आमच्याकडे देवघर नसतं, मॅडम," शैला सरळपणे म्हणाली. "सकाळी इथंच बसून वंदना घेतो आम्ही. बसा ना, पोहे घ्या."

"अगं बाई, आज माझा उपवास."

हेमाचा हात बशीपर्यंत गेला होता. तो तसाच मागे आला. "मलाही जरा ॲसिडिटी आहे," ती म्हणाली.

खोली त्यांनी दारातूनच पाहिली. गादीचं कौतुक केलं. दोन्ही बशा भरलेल्या तशाच टेबलावर राहिल्या. त्याच दुपारी तीन वाजता कार्यालयात समोसे आले आणि मॅडमनी दोन खाल्ले. दीपालीनेच ते बशीत काढून दिले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"यादीतून तुमचं घर काढावं लागतंय गं. घर छानच आहे, प्रश्न तो नाही. पण मुलींना आपली संस्कृती दिसायला हवी. देवपूजा, सणवार, हळदीकुंकू. करारातच तसं लिहून दिलंय आपण."

"मॅडम, आमच्याकडे येणार होती त्या मिहोच्या घरी बुद्धच असेल."

"त्यांचा बुद्ध वेगळा गं."

मॅडमनी आवाज आणखी मऊ केला. "मनाला लावून घेऊ नकोस हं. मी असलं काही मानत नाही. माझ्याकडे भांडीवाली चंद्रभागा तुमच्यातलीच आहे, घरातल्यासारखी वागते. असं कर, सुधारित यादी आजच टाइप कर. मिहोचं नाव कोथरूडच्या लिमयांपुढे टाक."

तिने ते टाइप केलं. स्वतःच्या आईचं नाव स्वतःच्या बोटांनी खोडलं.

घरी मात्र तिला सांगता येईना. शनिवारी करारावर सह्या व्हायच्या होत्या आणि त्याच समारंभात यजमान कुटुंबांचा सत्कार होता. निमंत्रणं आधीच छापून गेलेली. त्यात बारावं नाव होतं, 'सौ. शैला रामदास गायकवाड, वारजे'. शैलाने ते निमंत्रण टीव्हीवर उभं करून ठेवलं होतं. संजयला फोन करून ती 'आभारी आहे'ला जपानीत काय म्हणतात ते शिकून घेत होती. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता शनिवार उजाडला आणि आईवडील सभागृहात चौथ्या रांगेत येऊन बसले. शैलाने संजयच्या पहिल्या पगाराची जांभळी पैठणी नेसली होती.

सह्या झाल्या. कुलगुरू मानवतेवर बोलले, जपानी पाहुणे बुद्धाच्या भूमीला वंदन करायला आलो म्हणाले. टाळ्या झाल्या. मग दीपालीने यजमानांची नावं वाचायला घेतली. एकेक कुटुंब वर येई, शाल आणि नारळ घेई, नेमून दिलेली मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राही. रामदास प्रत्येकाला मनापासून टाळ्या वाजवत होता.

अकरावं नाव झालं. तिथेच यादी संपली. दीपालीने समोर पाहिलं. आईने पदर सारखा केला होता आणि ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती.

"आणि वारज्याहून," दीपाली म्हणाली, "शैला रामदास गायकवाड."

शैला उठली. पायऱ्या चढून वर आली. तबकात शाल उरली नव्हती, नारळही नव्हता. लिमये बाईंच्या एका हाताला त्यांच्या वाट्याची मुलगी उभी होती आणि दुसऱ्या हाताला मिहो. केंद्राने पाठवलेल्या फोटोवरून शैलाने मिहोला ओळखलं. ती तिच्यापाशी गेली आणि हात जोडून म्हणाली, "अरिगातो." मिहो गोंधळली, पण कमरेत पूर्ण वाकली. त्या सभागृहात त्या दिवशी गायकवाडांच्या घराला मिळालेला मान तेवढाच.

सरोजिनी मॅडम झटकन माईकपाशी आल्या. चेहऱ्यावर हसू होतं. "या आमच्या दीपालीच्या आई बरं का! लेकीचं कौतुक बघायला आल्यात. मग त्यांचाही सत्कार व्हायलाच हवा, नाही का?" त्यांनी टेबलावरच्या फुलदाणीतला एक गुलाब उपसला आणि शैलाच्या हातात ठेवला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. देठाचं पाणी पैठणीवर ओघळलं. कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

परतताना तिघं एका रिक्षात बसली.

"आई, मला बुधवारीच सांगितलं होतं त्यांनी," दीपाली म्हणाली. "मी तुला सांगायला हवं होतं."

"पोहे तसेच राहिले ना, तेव्हाच कळलं होतं मला. तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

"मग आलीस कशाला?"

"निमंत्रणावर नाव छापलं होतं माझं," शैला म्हणाली. "वाटलं, छापलेलं तरी खरं असेल."

रामदास रस्त्याकडे बघत राहिला. बत्तीस वर्षं कारखान्यात देशासाठी तोफगोळे भरलेला माणूस तो. त्याने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसू लागला. चष्मा स्वच्छच होता.

सोमवारी दीपालीने संचालकांना चार पानी पत्र लिहिलं. घडलं ते सगळं त्यात होतं, समोशांसकट. उत्तर आलं, 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' जूनमध्ये तिच्या कंत्राटाला मुदतवाढ मिळाली नाही. तिने ते पत्र दोन वर्तमानपत्रांकडे पाठवलं. एकाने परत केलं, दुसऱ्याने तेवढंही केलं नाही. ती अजून ते पाठवते आहे. संजयच्या खोलीत नवी गादी गुंडाळून ठेवलेली आहे, तिच्यावर अजून कुणी झोपलेलं नाही.

नोंद मात्र खरोखरच घेतली गेली. पुढल्या वर्षी असा घोटाळा नको म्हणून यजमानांच्या छापील अर्जात एक नवा रकाना आला: 'घरात देवघर आहे / नाही.' वाचकहो, उद्या तो अर्ज तुमच्याही घरी येईल. तुम्ही परदेशच्या लेकराला आसरा देणारी भली माणसं आहात. तुम्ही त्या रकान्यात 'आहे' यावर खूण कराल, आणि ते खरंच असल्यामुळे आपण कुणाला दाराबाहेर ठेवलं असं तुमच्या मनातही येणार नाही.